सोळा वर्षांपर्यंतचा गट

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर महिनाभर लातूर जिल्ह्यात मदतीचे इतके ट्रक आले की जमिनीला वाटलं असेल, आता हेच आपल्याला हादरवायला लागले. लोकांनी पत्रे मागितले होते, ताडपत्र्या मागितल्या होत्या, रॉकेल मागितलं होतं. कुठल्याशा दयाळू परदेशी संस्थेनं दोन ट्रक भरून चित्रकलेचे कागद आणि रंगीत खडूंच्या पेट्या पाठवल्या. मुलांच्या मनावरचा ताण हलका करायला. हे ट्रक कुणाच्या खात्यात येतात ते कुठल्याच साहेबाला ठरवता येईना, म्हणून ते लातूरच्या एका बंद जिनिंगच्या गोदामात रिकामे केले. कागद आहेत म्हणून मुलं बोलावली, मुलं आली म्हणून मास्तर बोलावले, आणि मास्तर जमले म्हणून समिती झाली. आमचं जनकला भवन स्थापन झालं ते असं.

पहिल्या प्रदर्शनापासून मी तिथे परीक्षक. माझा चित्रकलेशी संबंध एवढाच की नांदेडच्या एका साप्ताहिकात मी तीस वर्षं चेष्टामस्करीचं सदर लिहिलं आणि त्या सदराच्या डोक्यावर एक गाढव छापलेलं असे. समितीला वाटलं, गाढव मीच काढतो. चहा चांगला मिळत होता, त्यामुळे मी दुरुस्ती केली नाही. दर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडहून एसटीनं यायचं, लोह्याला वडा खायचा, अहमदपूरला पश्चात्ताप करायचा आणि लातूरला उतरून कलेवर निर्णय द्यायचा, असा माझा क्रम होता.

दुसरे परीक्षक चन्नबसप्पा गुरुजी. हे मात्र अस्सल. हायस्कूलात पस्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तेही इतके समांतर की खिशातल्या फूटपट्टीचा संशय यावा. फूटपट्टी खिशात असायचीच.

तिसरे परीक्षक दोन हजार चार साली आले. सोमेश सर. वय चौतीस, विषय फिजिक्स, एकेका बॅचला चारशे मुलं. बक्षिसं त्यांच्या क्लासतर्फे होती, म्हणून ते परीक्षक. आल्या आल्या त्यांनी आमच्या अकरा वर्षांच्या कारभाराकडे, मांजरानं उलटवलेल्या पातेल्याकडे बघावं तसं बघितलं.

"काका, तुम्ही मार्क कसे देता?"

"बघतो. बरं वाटलं तर देतो."

"म्हणजे पॅटर्नच नाही," ते हळहळले.

मग त्यांनी पॅटर्न आणला. चित्रामागच्या नावावर पट्टी चिकटवून वर नंबर. पाच रकाने, प्रत्येकी वीस मार्क. चुकीला वजा एक. तिन्ही परीक्षकांकडे वेगवेगळं पास होणं सक्तीचं, पस्तीसच्या खाली एकानं जरी दिले तरी नापास. नापास झालेल्याला पुढच्या साली वय उलटलं तरी त्याच गटात पुन्हा बसता येईल. शिवाय निकालानंतर दोन दिवस रीचेकिंगची खिडकी. गुरुजी म्हणाले, "सर, ही चित्रं आहेत." सर म्हणाले, "म्हणूनच तर. इथं शिस्तीची जास्त गरज आहे."

त्या साली दोनशे चौदा चित्रं होती. विषय नेहमीचाच, 'माझे घर', पण ट्यूशनच्या गल्लीतल्या एका क्लासनं 'प्रदर्शन क्रॅश कोर्स' काढला होता. त्यामुळे एकसष्ट चित्रांत डावीकडे पडकं घर, उजवीकडे रडणारी बाई आणि वर हेलिकॉप्टर होतं. एकसष्ट हेलिकॉप्टरांच्या शेपटीवर नंबरही एकच.

"ही कॉपी आहे," गुरुजी म्हणाले.

"कॉपी नाही गुरुजी. नोट्स आहेत," सोमेश सर म्हणाले.

असं करत आम्ही सोळा वर्षांपर्यंतच्या गटात, एकशेसतरा नंबरपाशी आलो.

चित्रात एक खोली होती, माळवदाच्या, म्हणजे माती-लाकडाच्या जड छपराच्या घरातली. लाकडी खांब, खांबाला खुंटी, खुंटीला ठिगळांची पिशवी. भिंतीत कोनाडा, त्यात रॉकेलची चिमणी. फळीवर पितळी डबे. एक हिरवी पत्र्याची पेटी. समोरच्या भिंतीला आरसा आणि त्यात पाठीमागचं उघडं दार. दारातून आलेला उजेड जमिनीवर पडलेला, उजाडताना असतो तसा. माणूस कुठेच नाही. रंग संस्थेच्या खडूंचेच होते, पण असे लावलेले की त्या खोलीत आत्ता कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटावं. मी आपण होऊन आवाज खाली आणला.

गुरुजी चित्राजवळ वाकले. मग म्हणाले, "ही खोली मी बघितलेली आहे."

"कुठल्या गावात?"

"गावात नाही. इथंच. आपल्या कपाटात."

समिती कागद फेकत नाही. आम्ही जुने गठ्ठे काढले आणि तासाभरात दहा चित्रं सापडली, चौऱ्याण्णवपासून दर साली एक. तीच खोली, तोच खांब, तीच पेटी. मागची नावं वाचायची नाहीत, असं सरांनी बजावलं. त्या सगळ्यांवर माझे मार्क होते. दोनदा तर मी उत्तेजनार्थही दिलं होतं, आणि मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. गाढव काढणाऱ्या माणसाकडून लोकांनी याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

गुरुजींनी दहाही चित्रं फरशीवर ओळीनं मांडली, शेवटी अकरावं ठेवलं आणि फूटपट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले.

"पहिलं बघा. कोनाड्याचं छत दिसतंय, तळ दिसत नाही. डब्यांची बुडं दिसतायत. म्हणजे काढणाऱ्याचे डोळे कोनाड्याच्या खाली आहेत. पाच-सहा वर्षांचं लेकरू." ते पुढे सरकले. "चौथं. आता कोनाड्याचा तळ दिसायला लागला. चिमणीच्या बुडाशी सांडलेलं रॉकेल दिसतंय. सातवं. फळी डोळ्याच्या रेषेत आली. आणि हे यंदाचं. डब्यांची झाकणं वरून दिसतायत. झाकणावरची धूळसुद्धा." त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "दर साली दोन बोटं, तीन बोटं. लेकरू वाढतंय."

"त्यात काय गुरुजी, मुलं वाढतातच," सोमेश सर म्हणाले.

"मुलं वाढतात. पण त्या पट्ट्यातली माळवदाची घरं एकही उभी राहिलेली नाहीत सर. हे कुठं उभं राहून बघतंय?"

गोदामाच्या पत्र्यावर ऊन तापलं की तो कडकड वाजतो, तेवढा वाजला. आम्ही तिघंही पटकन दाराकडे बघून मोकळे झालो. लातुरात छपराचा आवाज आला की दार आधी दिसतं.

सोमेश सर सावरले. शास्त्राचा माणूस. वाकून त्यांनी चित्र तपासलं आणि लाल पेन काढलं. "एक चूक आहे. आरसा बरोबर समोर आहे आणि बघणाऱ्याची उंची आता आरशाइतकी झाली. म्हणजे आरशात बघणाऱ्याची प्रतिमा आलीच पाहिजे. इथं नुसतं दार दिसतंय. परावर्तनाच्या नियमात बसत नाही. वजा एक."

वजा एक करूनही त्यांनी त्र्याण्णव दिले. गुरुजींनी पंच्याण्णव दिले, मी शहाण्णव. पहिला नंबर उघड होता. चहा प्यायला मी बाहेर आलो.

बाहेर जिन्याखाली स्टुलावर पाशामियाँ पेंटर प्रमाणपत्रांवर नावं लिहीत बसले होते. लातुरातल्या निम्म्या जुन्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. क्लासवाल्यांचे टॉपर भिंतीवर नाकाडोळ्यांसकट रंगवायचे तेही तेच. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे प्रमाणपत्रांवरची नावं तेवढी उरली होती. त्यांनी ब्रश पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, एकशेसतरा बघितलं?"

"नंबर तुम्हाला कसा ठाऊक, पाशाभाई?"

"त्याला नापास करा."

पास करा म्हणून लातुरात मला आमदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी गाठलेलं आहे. नापास करा म्हणणारा पहिलाच.

"कुणाशी भांडण आहे का?"

"न्हाई ओ. पोरगी माझी हाय. मनतशा."

"अहो मग अभिनंदन! पहिला—"

"साडेपाच वर्षांची होती, त्र्याण्णवला," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी इथं होतो. गंजगोलाईच्या बाजारात दसऱ्याला दुकान खोलायचं होतं एकाचं, त्याचा बोर्ड रंगवून राहिलो होतो. गौसिया, माझी बायको, आन् पोरगी माहेरी गेलत्या, किल्लारीच्या अलीकडं. गौसियाला दुपारी ढिगाऱ्यातून काढली. पोरीला दुसऱ्या दिवशी." प्रमाणपत्रावरची शाई वाळली का ते त्यांनी बोट न लावता बघितलं. "पुढच्या साली या दिवसांत घरात पेटीवर कागदाची गुंडाळी दिसली. खोलून बघितलं तर सासऱ्याची खोली. मला कळलं. गौसिया काढून राहिली. मी दिवसभर भिंतीवरच्या परांचीवर, तवा काढत आसंल. तिच्या हातांचं तर तुम्हाला काय सांगू, दगडाखाली होते दोन्ही. त्या हातांनी कशी काढती, ते विचारायची हिंमत न्हाई झाली. मी नुसता पोरीच्या नावानं फॉर्म भरला. दर साली वय एकानं वाढवतो."

"भाभींना फॉर्मचं ठाऊक आहे?"

"दोनदा पेपरात नाव आलं ना, उत्तेजनार्थ. ते कापून ठिवलंय तिनं. बोलत न्हाई आम्ही. घरात तिचं नाव घेत न्हाई. पण सप्टेंबर लागला की गौसिया जरा जेवती, केस विंचरती. तेवढ्यावर साल निघतंय साहेब."

"मग आता अडचण काय?"

"पयला नंबर दिला तर स्टेजवर बोलवणार. आन् सोळा भरले. म्होरल्या साली खुला गट. त्यात कलाकारानं सोता हजर ऱ्हावं लागतं, मीच बोर्डावर लिहिलाय तो नियम. कुठनं हजर करू?" ते पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलले. "नापास केली तर ह्याच गटात पुन्हा बसंल. रिपीटर. लातुरात पोरं चार-चार साल रिपीट करतात, कुणी काय म्हणतं का? गौसियाची पोरगी एकदा गेली. दुसऱ्यांदा मी तिला सांगू शकत न्हाई."

मी आत गेलो आणि माझ्या तक्त्यात शहाण्णव खोडून चौतीस केले. एका मार्कानं नापास करण्यात थोडी माणुसकी असते, असं त्या गावात मानतात. गुरुजींनी बघितलं. काही विचारलं नाही. सोमेश सरांनी विचारलं.

"काका, शहाण्णवाचे चौतीस?"

"वजा बासष्ट," मी म्हणालो. "पॅटर्न आहे."

संध्याकाळी यादी लागली. पट्ट्या काढून नावांसकट. सोळा वर्षांपर्यंतचा गट, क्रमांक एकशेसतरा, शेख मनतशा पाशामियाँ, अनुत्तीर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रीचेकिंगच्या खिडकीशी एक बाई उभ्या राहिल्या. काळा बुरखा, नकाब वर केलेला, चेहरा उन्हातून आलेला. अर्ज त्यांनी दोन तळव्यांच्या मधे धरला होता, गरम पातेलं धरतात तसा. खिडकीत मीच होतो, कारण समितीतल्या बाकी सगळ्यांना एकाएकी कामं निघाली होती. सकाळपासूनच चाळीस पालक येऊन गेले होते.

"माझी पोरगी नापास कशी? मार्क कुठं कापले ते दाखवा," त्या म्हणाल्या.

"आपण?"

"गौसिया. मनतशाची आई."

अर्जावर सही नव्हती. मी पेन पुढे केलं. त्यांनी उजवा हात काउंटरवर ठेवला. तीन बोटं लाकडासारखी सरळ होती. "अंगठा लावते. वळत न्हाईत. आन् डावा वर होत न्हाई." मी शाईचा डबा पुढे सरकवला आणि उगाच काउंटर पुसत राहिलो. त्या हातांत खडू काय, सुईसुद्धा राहिली नसती.

त्यांना मी आत नेलं. चित्रासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्या बाकीच्या पालकांसारख्याच मान तिरकी करून बघत होत्या.

"हं. सांगा. कुठं चुकली?"

"ते आरशात," मी म्हणालो. "बघणाऱ्याची प्रतिमा यायला पाहिजे होती."

"ती कशी येईल भाऊ?"

त्यांनी मान वळवली.

"खरं सांगा. हे येऊन बोलले ना तुमच्याशी? नापास करा म्हणून?"

मी तीस वर्षं खोटं लिहून पोट भरलं, पण तोंडावर बोलायची सवय नाही.

"मला वाटलंच. भाऊ, माझी पोरगी मेली हे मला कुणी सांगायचं काम न्हाई. ह्या हातांखाली होती ती. दुपारपर्यंत होती." त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका सपाट होता. "हे काढतात. अकरा साल झाले. मला दिसू देत न्हाईत. पेटीवर गुंडाळी ठेवून कामाला जातात. त्यांना वाटतं, पोरगी वाढून राहिली तर ही जगंल. मी जगूनच राहिली ना? मी त्यांच्यासाठी गप बसते. पण म्हातारे झाले ते. परांची सुटली, बोर्ड सुटले, आन् सप्टेंबर आला की फॉर्म घेऊन बसतात. समद्यांची पोरं पुढच्या वर्गात गेली. त्यांनीही तिला पुढं जाऊ द्यायला पाहिजे. त्या खोलीत किती साल उभं ठेवणार?"

"भाभी, ते इतकं बारीक कसं काढतात? म्हणजे, आठवणीनं?"

"तेच तर." त्या चित्राच्या जवळ गेल्या. "सासुरवाडीत असे किती दिवस राहिले असतील ते? ही पिशवी बघा खुंटीवरची. पोरीच्या पाटीची. ठिगळं जोडून मीच शिवली होती, आदल्या दिवशी दुपारी. त्यांनी ती कधी बघितली न्हाई. ढिगाऱ्यातही मिळाली न्हाई. मी सांगितलंही नसंल कधी. कशी काढली, अल्ला जाणे." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "सांगितलं आसंल मी. तापात बोलत होते म्हणे दवाखान्यात."

त्यांनी तसं ठरवून टाकलं आणि पदरासारखा बुरखा सारखा केला. मला ठरवता येईना. बाहेर भर सकाळ होती, रिक्षात कुणीतरी गाणी लावली होती, आणि मी त्या आरशाकडे पाठ करायला तयार नव्हतो. एका घरात दोन माणसं. त्याला वाटतं ती काढते. तिला वाटतं तो काढतो. दोघंही एकमेकांना जपून विचारत नाहीत. आणि दर साली दोन-तीन बोटं.

"पास करा भाऊ," त्या निघताना म्हणाल्या. "माझ्यासाठी न्हाई. त्यांच्यासाठी."

नवरा बायकोसाठी नापास मागत होता, बायको नवऱ्यासाठी पास मागत होती. मी दुपारभर तक्ता पुढे घेऊन बसलो. शेवटी एवढंच सुचलं की तिसरंही एक कुणीतरी आहे, जिनं पेपर लिहिलाय. तिला किती मिळायला पाहिजेत याची चौकशी दोघांपैकी कुणीच केली नव्हती. मी चौतीस खोडून पुन्हा शहाण्णव केले.

पाशामियाँना मीच सांगितलं. "रीचेकिंग झालं. पहिला नंबर आला."

"अर्ज कुणी केला?"

"ते सांगायचं नसतं. नियम आहे."

ते ब्रश धुवायला नळावर गेले आणि बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

यानंतरचं जे झालं ते फक्त लातुरातच होऊ शकतं. यादीत पहिला नंबर दिसला की तो कुठल्या क्लासचा हे विचारत न बसता फ्लेक्स छापून घ्यायची तिथे पद्धत आहे. उशीर केला तर दुसरा छापतो. तिसाव्या तारखेला सकाळी भवनासमोरच्या चौकात दोन फ्लेक्स झळकत होते. एकावर सोमेश सरांच्या क्लासचं नाव: 'आमची गुणवंत विद्यार्थिनी कु. मनतशा शेख हिचे हार्दिक अभिनंदन.' दुसऱ्यावर समोरच्या क्लासचं: 'पुन्हा एकदा आमचीच! कु. मनतशा शेख, नियमित बॅच.' फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून दोघांनीही पदवीची चौकोनी टोपी घातलेल्या एका मुलीची काळी सावली छापली होती. वारा आला की दोन्ही सावल्या एकाच वेळी हलायच्या. मी सोमेश सरांना बाजूला घेतलं.

"सर, ही मुलगी तुमच्या क्लासला येते?"

"काका, चारशेची बॅच आहे. असेल की."

"नसेल."

"मग समोरच्याकडे असेल. पण त्यानं लावायच्या आत लावायला पाहिजे ना."

अकरा वाजता समारंभ सुरू झाला. सहाशे माणसं होती, पालकच जास्त. आधी भूकंपातल्या मृतांना दोन मिनिटं श्रद्धांजली झाली, सगळे उभे राहिले, सगळे बसले. मग बक्षिसं. माइक सोमेश सरांकडे.

"सोळा वर्षांपर्यंतचा गट, प्रथम क्रमांक, कुमारी मनतशा शेख! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. थांबल्या. कुणी उठलं नाही. समोरच्या क्लासचे सर पहिल्या रांगेत मान वळवून आपली विद्यार्थिनी शोधू लागले.

"मनतशा शेख! लाजू नको बेटा!"

गौसियाभाभी बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. त्या पाशामियाँकडे बघत होत्या. पाशामियाँ स्टेजच्या कडेला प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन उभे होते. त्यांनी गठ्ठा गुरुजींच्या हातात दिला आणि दोन पावलं पुढे आले.

"मी तिचा बाप."

"अरे वा! पाशाभाई, तुम्ही? सांगितलं नाहीत कधी. पोरगी कुठंय?"

"न्हाई आली."

"का हो? क्लासला गेली का?" सर हॉलकडे बघून हसले. हॉल हसला.

"क्लासला जात न्हाई ती."

"मग शाळेत?"

"शाळेत बी न्हाई."

"असं कसं? कधीपासून नाही?"

पाशामियाँनी माइककडे बघितलं. जन्मभर उंच भिंतींवर दुसऱ्यांची नावं काढलेला माणूस, माइकवर पहिल्यांदाच बोलत होता.

"त्र्याण्णवपासून," ते म्हणाले.

लातुरात हा आकडा म्हटला की पुढचं कुणी विचारत नाही. सहाशे माणसांत एक खुर्ची कुरकुरली नाही. दोन मिनिटांची श्रद्धांजली घड्याळ लावून झाली होती. ही किती वेळ चालली ते कुणी मोजलं नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी आपली आपण उभी राहिली, मग तिच्या शेजारचा, मग रांगच्या रांग. चारशेच्या बॅचपुढे न अडखळणारे सोमेश सर माइक धरून नुसते उभे होते. शेवटी त्यांनी माइक टेबलावर आडवा ठेवला, प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं आणि वाकून पाशामियाँना दिलं. स्पर्धकाच्या वयाच्या पुराव्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बाहेरचे फ्लेक्स कुणी उतरवले ते कळलं नाही. दुपारी चौकात नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या.

हॉल रिकामा झाल्यावर दोघं चित्र न्यायला आले. प्रदर्शन आणखी दोन दिवस होतं, पण अडवायला कुणी पुढे झालं नाही. पाशामियाँनी चौकट भिंतीवरून उतरवली. काच लावलेली, वजनदार. गौसियाभाभींनी खालच्या कडेला दोन्ही तळवे लावले. त्यांचा चेहरा रडून मोकळा झाला होता.

"बरं झालं, बोललात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता म्होरं काढायचं न्हाई. अकरा साल तुम्ही माझ्यासाठी बसून काढलंत, मला समदं ठाऊक होतं. पिशवी तर किती हुबेहूब काढलीत. पण आता हातांना आराम द्या."

पाशामियाँचा हात चौकटीवर तसाच राहिला.

त्यांनी बायकोच्या बोटांकडे बघितलं. मग चित्राकडे, तिथून माझ्याकडे. मी मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही. एखाद्या पाटीवर शेवटचं अक्षर मावत नाही हे रंग ओला असताना लक्षात यावं, तसा त्यांचा चेहरा झाला आणि हळूहळू परत स्थिर झाला.

"हाव," ते म्हणाले. "मीच काढत होतो."

"तेच म्हणते मी."

"तू रिक्षा बघ म्होरं. मी आणतो हे."

त्या दाराबाहेर गेल्या. पाशामियाँ चौकट छातीशी धरून उभे राहिले, चित्राची बाजू आत. लहान मूल कडेवर घ्यावं तसा एक हात खालून दिलेला.

"साहेब, त्या खुल्या गटाला वरची वयाची अट किती हाय?"

"वरची अट नाही."

"आन् हजर राहायचा नियम?"

"आहे," मी म्हणालो. "पण हजेरी मीच घेतो."

त्यांनी मान डोलावली. काचेवर हात फिरवला, दाराचा अंदाज घेतला आणि कोपरा कुठं लागू नये म्हणून तिरके होऊन, फार जपून बाहेर पडले.